तिपाईचा पेच आणि आत्याचा रेचा

"उलटं नोको फिरवू, केश्या! सरकी फसन!"

हा आवाज केशवरावांच्या कानात शिरला तेव्हा ते केशवराव नव्हते, पाच वर्षांचा उघडा केश्या होते. अमरावतीच्या परकोटाबाहेर त्यांच्या बापाचा भाजीचा मळा होता आणि मळ्यातल्या ओसरीवर आत्याचा सरकी काढायचा लाकडी रेचा. रेच्याच्या दोन लाटा, लाटण्यासारख्या गोल, एकमेकींना घासत फिरायच्या. मधून कापूस पुढे जायचा आणि सरकी अलीकडे टपटप गळायची. दांडा केश्याच्या हातात असायचा. दांडा उलटा फिरला की आत्या ओरडायची, आणि सुलटा फिरला की गायची.

रेच्या रे रेच्या, तुया दोन लाटा,
कापूस जाये पुढं, सरकी पाहे वाटा.

आत्या म्हणजे गोदाबाई. ती विसाव्या वर्षी विधवा होऊन बार्शीटाकळीच्या सासरहून भावाकडे परत आली. आली तेव्हा तिच्याजवळ एक लुगडं होतं आणि हा रेचा. त्याच साली भावजय गेली आणि दोन वर्षांचा केश्या तिच्या मांडीवर पडला. आई कशी दिसायची, असं त्यानं मोठेपणी कितीदा विचारलं. आत्याचं उत्तर ठरलेलं असे.

"तुयासारखीच. पन नाक बरं होतं."

याहून जास्त वर्णन केशवरावांना आपल्या आईचं कधीच मिळालं नाही.

आता आत्या पन्नाशीच्या पुढे गेली होती आणि केशवराव कचेरीत कारकून झाले होते. डोक्याला पागोटं, कानाला बोरू आणि मनात एक गुपित. आत्याची तस्वीर काढायची. आईचं जे झालं ते आत्याचं होऊ द्यायचं नाही. उद्या आपल्या पोरांनी विचारलं तर नाकावर भागवायचं नाही. हे मात्र त्यांनी कोणालाच सांगितलं नाही, कारण असल्या गोष्टी बोलायच्या झाल्या की त्यांचा गळा दाटायचा, आणि कारकुनाचा गळा दाटणं बरं दिसत नाही.

तस्वीर काढण्याची विद्या त्यांनी सडकांच्या खात्यातल्या एका साहेबाजवळ मिळवली होती. साहेब काचेवर औषध ओतायचा आणि केशवराव बाटली धरायचे. ओली काच यंत्रात घालायची, झाकण काढून अंक मोजायचे, मग काळ्या तंबूत शिरून काच धुवायची. सगळ्यात चांगली तस्वीर साहेबाच्या मडमेची उतरली. आठ दिवसांनी उन्हाळ्याला भिऊन साहेबानं मडमेला विलायतेला धाडून दिलं आणि तस्वीर मेजावर मांडली. केशवरावांनी हे घरी मोठ्या कौतुकानं सांगितलं होतं. आत्या भाकरी थापत होती. तिनं ऐकलं आणि भाकरी उलटली.

पुढे साहेबही गेला. जाताना यंत्र, त्याची तीन पायांची तिपाई आणि तीन काचांपुरतं औषध केशवरावांना देऊन गेला. तीन काचा! त्यात एकही कमी-जास्त नाही. औषध संपलं की नवं मुंबईशिवाय मिळायचं नाही आणि मुंबईची वाट त्या दिवसांत फक्त कापसालाच सापडत होती. अमेरिकेतल्या लढाईला चौथं वर्ष लागलं होतं. तिकडे कोण कोणाशी भांडतं हे वऱ्हाडात कोणाला ठाऊक नव्हतं, पण भांडण मिटू नये म्हणून लोक मारुतीला नारळ फोडत होते.

यंत्र घरी आलं त्या संध्याकाळी केशवरावांनी ते ओसरीवर मांडलं आणि जाहीर केलं, "पयली तस्वीर आत्याची!"

त्यांची बायको माणिकबाई टाळी वाजवून म्हणाली, "बरं झालं! आत्याबाई मंग कायम भिंतीवर. आपल्यासमोरच."

आत्या काही बोलली नाही. ही गोष्ट इतकी नवलाची होती की ती तेव्हाच लक्षात यायला हवी होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी पेच गायब.

पेच म्हणजे बोटाएवढा पितळी खिळा, अंगावर आटे कोरलेला. तिपाईच्या डोक्यातून वर येऊन यंत्राच्या बुडात शिरायचा आणि फिरवला की दोघांना घट्ट धरायचा. लग्नात जसा अंतरपाट धरणारा, दिसायला बिनकामाचा पण तो नसला की दोन्हीकडचे नुसतेच उभे, तसा हा पेच. केशवरावांनी तो कोनाड्यात ठेवला होता. कोनाडा होता, पेच नव्हता. त्यांनी उंदराचं बीळ खणलं, चूल उकरली, म्हशीच्या शेणातही काठी घालून पाहिली आणि शेवटी, नवऱ्याच्या जातीला शोभेल असं, बायकोकडे पाहिलं.

"माह्याकडे काहून पायता?" माणिकबाई कडाडली. "मी काय भाजीत टाकला?"

आत्या सुपात ज्वारी पाखडत होती.

शेजारचे खुशालराव सल्ला घेऊन आले. खुशालरावांची काळी जमीन चाळीस एकर, कापूस त्याहून पांढरा. त्या वर्षी त्यांनी बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या चढवल्या होत्या. बैल त्यामुळे काही वेगात चालत नव्हते, पण खुशालराव चालत होते.

"एवढ्यासाठी रडता काय बाप्पा? सरकीच्या पोत्यावर ठेवा यंत्र! अन् काढूनच राह्यले तर मायी बैलजोडी काढा."

आत्याला अंगणात बसवलं. भरल्या पोत्यावर यंत्र ठेवलं. पण भरल्या पोत्यात सरकी स्वस्थ बसत नाही, ती भार आला की हळूच सरकते. केशवराव अंक मोजत होते आणि यंत्र माना टाकत होतं. काच धुतली तेव्हा तीवर आत्या नव्हतीच. एक लांबोडकी पांढरी रेघ होती आणि तिच्या टोकाला दोन पाय.

"पाय झकास आले," खुशालराव म्हणाले.

एक काच गेली. केशवरावांना रात्री जेवण गेलं नाही.

लोहाराकडे गेले. लोहार म्हणाला, खिळा देतो, अंगाले पीळ कोन देईन? यंत्र टेकवायला कचेरीतलं मेज चार घटका मागितलं, तर सरकारी मेज सरकारी बोजाखेरीज वाहणार नाही असा तोंडी हुकूम मिळाला. मग सोनाराकडे गेले. सोनारानं बायकांच्या कुड्यांच्या फिरक्या आयुष्यभर केल्या होत्या. त्यानं पितळेच्या कांबीवर बारीक तार पिळाखाली पीळ गुंडाळली, डाग दिला आणि झाला पेच तयार. राहवलं नाही म्हणून डोक्यावर कमळ काढलं आणि मधोमध लाल खडा बसवला.

"खडा काहून?" केशवरावांनी विचारलं.

"नुसता बरा नाई दिसत जी."

खड्याचा पेच यंत्रात गेला. आत्या बसली. केशवरावांनी झाकण काढलं, एक, दोन, तीन म्हटलं, आणि चौथ्या अंकाला आतली तार 'टण्' करून सुटली. यंत्रानं पुढे वाकून जमिनीला नमस्कार केला. केशवरावांनी ते पोटावर झेललं. पोटाला लागलं ते आठ दिवसांत बरं झालं, पण काचेवर उमटली ती अंगणातली माती आणि एक चकित कोंबडी.

आता एकच काच उरली.

"अकोल्याले जा," खुशालराव म्हणाले. "आगगाडीचं गुदाम पडलं तिथं. लोखंडाचे डोंगर हायेत म्हनतेत. मी बी येतो, मले आगगाडी पाह्याची हाये. दमणी मायी, बैल माये. फकत शेवटली काच..." आणि ते बैलांकडे पाहू लागले.

कचेरीतून रजा काढणं हे आगगाडी काढण्याहून अवघड. केशवरावांनी अर्ज लिहिला, 'तिपाईचा पेच आणणेकरिता आठ दिवस.' शिरस्तेदारांनी शेरा मारून परत केला की सदर कारण कोणत्याही सदरात बसत नाही. केशवराव दहा वर्षं लोकांचे अर्ज असेच परत करत आले होते. त्यांना प्रथमच कळलं की परत आलेला अर्ज हातात किती जड लागतो. घरी येऊन त्यांनी सदरात बसणारं कारण शोधलं. अकोल्यापुढे सहा कोसांवर बार्शीटाकळी, तिथे आत्याच्या दिराचा मुलगा. त्यांनी बोरू उचलला आणि कारकुनी सवयीप्रमाणे लिहिलेलं मोठ्यानं वाचून पाहिलं.

"वृद्ध आत्येस बार्शीटाकळी येथे पोचविणेकरिता..."

आत्या मेथी निवडत होती. जुडी तिच्या हातात तशीच राहिली.

"आत्या, चाल तू बी," केशवराव कागद वाळवत म्हणाले. "सासरच्या मानसाईले भेटशीन."

"येतो ना," आत्या म्हणाली. "नाई कशी म्हनीन?"

अर्ज मंजूर झाला. निघायच्या दिवशी पहाटे आत्या दमणीत बसायला आली ती दोन्ही लुगडी, लोटा, पाट आणि रेचा घेऊन. माणिकबाईला तिनं लोणच्याची बरणी दाखवली, लोणचं कधी हलवायचं ते सांगितलं आणि म्हशीच्या पाठीवरून हात फिरवला.

"आठ दिवसांनी तर येतच आहा तुमी, आत्याबाई!" माणिकबाई हसली.

"हो माय. असंच सांगा लागते."

"अन् रेचा काहून?" केशवराव चिडले. तिपाई, काळा तंबू, बाटल्या आणि शेवटची काच गादीत गुंडाळून ठेवली होती, त्यात हे धूड.

"हाताले काम लागते बापा. रिकामं बसलेलं मानूस लोकाईले जड होते."

यात काही टोचण्यासारखं आहे असं केशवरावांना वाटलं नाही. त्यांचं सगळं लक्ष काचेकडे होतं.

तीस कोसांची वाट. चांदीच्या शेंब्या उन्हात चमकत होत्या आणि समोरून कापसाच्या गाड्यांची रांग येऊन धूळ उडवत होती. खुशालराव दर कोसाला एक सल्ला देत होते. मागे आत्या आपल्याशीच गात होती.

कापूस गेला बाई, आगबोटीत बसून,
सरकी राहिली, उकिरड्यावर पडून.

"वा आत्याबाई, काय गळा हाये!" खुशालराव म्हणाले.

गळा खरंच चांगला होता. गळ्याखाली काय अडकलं होतं ते कोणी पाहिलं नाही.

अकोल्याच्या गुदामात लोखंडाचे डोंगर खरोखरच होते. केशवरावांनी आगगाडीचा सगळ्यात धाकटा पेच पाहिला. तो त्यांच्या मनगटाएवढा होता. मग बारीक पेचांची पेटी दिसली. पेटीमागे गुदामाचा कारकून बसला होता. तो मान वर न करता म्हणाला, "अर्ज आणि नमुना."

"नमुना कशाचा?"

"हव्या त्या पेचाचा. नमुन्याबरहुकूम माल."

"अहो, नमुना असता तर मी पेच मागायले कायले आलो असतो?"

"ते खरं आहे," कारकून म्हणाला, "पण ते अर्जात यायला पाहिजे. हरवलेल्या पेचाचा नमुना अर्जासोबत हजर करावा, असा कायदा आहे."

केशवरावांच्या पागोट्याखाली घाम आला. हे वाक्य त्यांच्या ओळखीचं होतं. गेल्याच पावसाळ्यात वलगावच्या एका म्हाताऱ्याला त्यांनी स्वतःच्या हातानं लिहून दिलं होतं की हरवलेल्या दाखल्याची मूळ प्रत जोडावी. म्हातारा तीन वेळा चालत आला होता. त्याला पाणीसुद्धा विचारलं नव्हतं. गुदामाच्या कारकुनानंही केशवरावांना पाणी विचारलं नाही.

बाहेर दमणीत आत्या बसली होती. "भेटला का?" तिनं विचारलं. तिचा हात कमरेशी होता.

"नमुना मांगते म्हनते!"

आत्याचा हात कमरेशीच राहिला.

"परत फिरू," खुशालराव म्हणाले.

पण केशवरावांनी कागदावर लिहून दिलं होतं, 'बार्शीटाकळी येथे पोचविणेकरिता'. पेच मिळो न मिळो, कागद खोटा पडता कामा नये. "बार्शीटाकळीले चला," ते म्हणाले. आत्यानं पदर पुढे ओढून घेतला.

बार्शीटाकळीला आत्याच्या या पुतण्याच्या ओसरीवर सामान उतरलं. आत्यानं रेचा उतरवला तेव्हा शेजारचा नत्थुजी सुतार कुंपणावरून वाकला, मग कुंपण ओलांडून आला आणि खाली बसून लाटेवरून बोट फिरवू लागला.

"हा आमच्या बाचा हात हाये. गोदाबाईच्या लग्नातला ना?" मग त्याची नजर तिपाईवर गेली. "हे काय उफणायचं तिवं आणलं?"

केशवरावांनी सातव्यांदा आपली कहाणी सांगितली. यंत्र उलटं करून बुडाचं पितळी भोक दाखवलं. नत्थुजीनं आत बोट घालून आटे चाचपले आणि रेच्याकडे पाहून मोठ्यानं हसला.

रेच्याच्या दोन्ही लाटांच्या टोकाला लाकडात कोरलेले जाड आटे असतात. एकीचे आटे दुसरीत अडकतात, म्हणून एक फिरली की दुसरी फिरते. केशवराव त्या आट्यांशेजारी लहानाचे मोठे झाले होते. दांडा फिरवून त्यांच्या तळहाताला घट्टे पडले होते. तरी लोहार झाला, सोनार झाला, तीस कोसांवरचं गुदाम झालं आणि पेच सगळी वाट दमणीत मागे बसून आला होता.

"याले तुमी पेच म्हनता?" नत्थुजी म्हणाला. "मंग आमी तीन पिढ्या काय करून राह्यलो?"

त्यानं शिसवाची कांब घेतली. दोरा गेरूत बुडवून तिच्यावर तिरका गुंडाळला, दोरा काढला, राहिलेल्या लाल रेघेवर कानस धरली. यंत्राच्या बुडाची पितळी चकती काढून तिथे लाकडाची बसवली, तिलाही तसेच आटे दिले. दीड दिवस लागला. तेवढा वेळ खुशालराव बैलांच्या शेंब्या राखेनं घासत होते.

"केशवराव, आत्याबाई काय, रोज दिसतेत," ते घासता घासता म्हणाले. "बैल म्हातारे होतेत हो."

"मानसं बी होतेत," केशवराव म्हणाले, आणि तिपाईकडे वळले.

त्यांनी पेच लावला आणि साहेबानं शिकवलं तसा फिरवला. पेच बाहेर आला. पुन्हा फिरवला. पुन्हा बाहेर. खुशालरावांनी तेल लावायला सांगितलं, मग राख, मग नवस. केशवरावांचे हात कापू लागले. पुतण्याच्या अंगणात आता अर्धं बार्शीटाकळी जमलं होतं आणि त्यातलं प्रत्येक माणूस मान हलवत होतं.

आत्या रेच्याजवळ बसली होती. ती न राहवून ओरडली, "उलटं फिरव, केश्या! नत्थुजीनं माप खालच्या लाटेचं घेतलं. तिचे आटे डावे असतेत!"

केशवरावांनी उलटा फिरवला. पेच गुमान आत शिरला, घट्ट बसला, आणि यंत्र तिपाईवर ताठ उभं राहिलं. नत्थुजीनं कपाळावर हात मारला. लोक "हाव रे बाप्पा" म्हणाले. सरकी फसली नाही.

आत्याला रेच्यासमोर बसवलं. शेवटची काच ओली करून आत घातली.

"वीस अंक होईस्तोर हालू नोको. अन् बोलू नोको."

"वीस!" आत्या घाबरली. एवढा वेळ गप्प बसल्याचं तिच्या आयुष्यात कोणाला आठवत नव्हतं.

बैलांची तस्वीर बुडाली होती तरी खुशालराव मोठ्या मनाचे. अंक त्यांनी मोजायला घेतले. केशवरावांनी झाकण काढलं.

"एक... दोन..."

आत्या दगडासारखी बसली. दोन्ही हात रेच्यावर, डोळे केश्यावर. पाच झाले. आठ झाले. बारा. तेरा.

"केश्या, पेच मायाजवळ हाये," आत्या म्हणाली. हात हलले नाहीत, डोळे हलले नाहीत, फक्त तोंड. "पितळेचा. माया कनवटीले. घरूनच हाये. गुदामात बी होता. मले पाप लागन रे, पन म्या देला नाई."

"...चौदा... पंधरा..." खुशालराव सवयीनं मोजतच राहिले. केशवराव झाकण हातात धरून उभे होते. वीस झाल्यावर त्यांनी ते लावलं आणि तडक काळ्या तंबूत शिरले, कारण ओली काच माणसाच्या रागासाठी थांबत नाही.

तंबूत अंधार होता. काच धुता धुता त्यांच्या डोळ्यांपुढून लोहार गेला, सोनार गेला, कोंबडी गेली, गुदामाचा कारकून गेला. राग येत होता. मग काचेवर हळूहळू हात उमटले, नसांसकट. लुगड्याचा काठ उमटला. रेच्याचा एकेक आटा मोजून घ्यावा असा. कपाळ, डोळे, नाक. आणि नाकाखाली, जिथे तोंड असायला हवं तिथे, चुलीतून निघावा तसा एक लहानसा पांढरा धूर.

ते बाहेर आले आणि काच काळ्या कापडावर धरली.

"तोंड नाई आलं," पुतण्या हळहळला.

"आलं कसं नाई?" नत्थुजी म्हणाला. "बोलून राह्यली ना. गोदाबाईच होय ही, दुसरी कोन?"

लोक हसले. माणसं पांगली. खुशालराव बैलांना पाणी पाजायला गेले. आत्यानं कनवटीची गाठ सोडली आणि पितळी पेच काढून केशवरावांसमोर जमिनीवर ठेवला. तो अंगाच्या उबेनं गरम होता.

"काहून व आत्या?" केशवराव खाली बसले. "एवढा जीव टाकला म्या. तुयी तस्वीर नाई काढू द्याची होती, त सांगा लागत होतं."

आत्यानं रेच्याचा दांडा हातात घेतला.

"तुया सायबानं मडमीची काढली. मंग मडम धाडली अन् तस्वीर ठेवली. तुयी बायको म्हने, आत्याबाई कायम भिंतीवर. मंग तू थो कागद वाचला, पोचवाले म्हनून. म्या म्हटलं, काच झाली का आपलं काम झालं. पेच नाई त तस्वीर नाई, तस्वीर नाई त मले ठेवा लागन." तिनं पदरानं नाक पुसलं. "थ्यो सुतार पेच करून राह्यला न, तई बी मी हात कमरेलेच धरून होतो. पन तुये हात कापून राह्यले होते. मले पाहवलं नाई."

केशवरावांना बोलायचं होतं. आईचं नाक, वलगावचा म्हातारा, पोरं उद्या काय विचारतील, सगळं एकदम वर आलं आणि आट्यात अडकून बसलं. त्यांनी फक्त रेचा उचलला आणि दमणीत नेऊन ठेवला. मग लुगड्यांचं गाठोडं, मग पाट, मग लोटा. आत्या पाहत राहिली. शेवटी ते पागोटं सावरत, दुसरीकडे पाहत म्हणाले, "लोनचं हालवाचं माणिकले जमत नाई."

"थे त मले ठाऊकच हाये," आत्या उठत म्हणाली. दमणीच्या चाकाला धरून ती क्षणभर थांबली, आणि तीस कोस जे तिनं गाण्यात लपवून आणलं होतं ते साध्या बोलण्यात सांगून टाकलं.

"मले इथं राह्याचं नोतं, केश्या. मले तुयाच घरी मराचं हाये."